भालेवालीचा पहिला मान

पाच जण एका बाजूने खेळायला बसलात, तर सगळ्यात ताकदीचा हिरो तुमच्यात कोणाच्या हाती जातो? ज्याला तो खेळता येतो त्याच्या, की ज्याच्याकडे बघून बाकीचे चौघं गप्प बसतात त्याच्या? उत्तराची घाई करू नका. मीही घाईने, छातीवर हात ठेवून उत्तर दिलं असतं आणि ते खोटं ठरलं असतं.

मोबाईलवरच्या गेमबद्दल बोलतोय म्हणून पान उलटू नका. आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या बाकावर बसून दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नांची चौकशी करणारे लोक पोरांना म्हणतात, गेममध्ये वेळ घालवता. त्यांच्यासाठी मी हे लिहीत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच सांगतो. यात पाच विरुद्ध पाच असा सामना असतो; समोरच्यांचा शेवटचा किल्ला आधी पाडेल तो संघ जिंकतो. शंभरेक हिरोंमधून प्रत्येकाने एक उचलायचा. एकाने उचललेला हिरो दुसऱ्याला मिळत नाही, समोरच्या संघालाही नाही. आणि दर थोड्या महिन्यांनी गेम बनवणारी कंपनी अपडेट पाठवते, त्यात कोणाची ताकद वाढते, कोणाची उतरते. काल ज्याला कोणी विचारत नव्हतं, तो आज सगळ्यांना हवा असतो. वारा वाहील तशी पाठ देणारी जमात मी आधी या गेममध्ये पाहिली, निवडणुकीत नंतर.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामगार. गेटवर वाटून उरलेली युनियनची गुलाबी-पिवळी पत्रकं ते घरी आणायचे आणि मी त्यांच्या कोऱ्या पाठीवर पाढे लिहायचो. पुढे पत्रकांची छापलेली बाजूही वाचू लागलो. अकरावीत असताना मी स्वतःचं पहिलं पत्रक काढलं: एका कॅन्टीनमध्ये कंत्राटी कामगारांसाठी वेगळे पेले ठेवले होते, त्याविरुद्ध. वडिलांनी त्यातल्या सात चुका दुरुस्त केल्या आणि पाठीवर थाप मारली.

वडिलांचं सगळ्यात गाजलेलं पत्रक मात्र गावाविरुद्ध होतं. आमचं गाव पोलादपूरच्या वर, खोऱ्यात. शिमग्याला देवाची पालखी घरोघर फिरते, पण कोणाच्या अंगणात आधी यायची आणि कोणाच्या नंतर, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पहिला मान एका घराचा, दुसरा आमचा. वडिलांनी छापलं, ‘देवापुढे पहिला-दुसरा कोण?’ गावाने पत्रक वाचलं, ‘चांगलं लिवलंय’ म्हटलं आणि पालखी होती त्याच क्रमाने काढली. ती आमच्या अंगणात आली तेव्हा आईने आरती केली, वडील आत वर्तमानपत्र उलटंसुलटं करत बसले. पालखी त्या वर्षी तिसरी आली असती तर वडील आतच बसून राहिले असते का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

आमच्या संघाचा कप्तान त्या पहिल्या मानाच्या घरातला. कारखान्यात तीन पाळ्यांत काम करायचा, मनाने चांगला, हाताने मंद. त्याचे दोन चुलतभाऊ, मी, आणि पाचवा माझा कॉलेजपासूनचा मित्र. मित्राच्या वडिलांचे महाडमध्ये ट्रक आहेत. हायवेजवळच्या त्यांच्या आवारात रविवारी दुपारी एखादा ट्रक रिकामा उभा असायचा आणि त्याच्या हौद्यात ताडपत्री टाकून आम्ही सराव करायचो. पत्रा तापायचा, फोन त्याहून तापायचे.

मित्राची हिरो होती भालेवाली. गेममध्ये तिचं इंग्रजी नाव काहीतरी वेगळंच आहे, आम्ही तिला भालेवालीच म्हणायचो. किडकिडीत बाई, भाला फेकायची आणि मग तो आणायला स्वतःच धावायची. धावत असताना कोणीही येऊन मारून जावं अशी तिची अवस्था. कोणी तिला घ्यायचं नाही.

“ती भाला टाकते, का चिंचा पाडते?” धाकटा चुलतभाऊ विचारायचा.

“पाडू दे,” मित्र म्हणायचा. “तुझ्या डोक्यावर पडली का सांग.”

दोन वर्षं तो तिला घेऊन हरला. हरता हरता तो शिकला. समोरचा जिथे उभा आहे तिथे भाला टाकायचा नाही, दोन पावलांनंतर तो जिथे असेल तिथे टाकायचा. त्याच्या बोटांत ते असं बसलं की शेजारी बसलेल्याला वाटावं, समोरचाच येऊन भाल्यावर आदळतोय.

मग अपडेट आलं आणि भालेवालीचा भाला आपोआप हातात परत येऊ लागला. एवढाच बदल. पण आठवड्याभरात जो तो तिच्यामागे लागला. दोन वर्षं तिला हसणारे आता तिच्या जोरावर आपली पातळी वाढवून मिरवू लागले. अशा लोकांबद्दल मला तेव्हा तिरस्कार होता आणि आजही आहे. ताकद आली की ओळख सांगणारे नातेवाईक असतात, त्यांच्याच पंगतीतले हे.

त्या रविवारी हौद्यात बसल्या बसल्या कप्तान म्हणाला, “भालेवाली मी घेणार.”

मित्र हसला. त्याला वाटलं, चेष्टा आहे. “तुला येत नाय ती.”

“येईल की. आता मजबूत झालीय, त्यात काय अवघड हाय?”

“अरे, पण मी दोन वर्षं...”

“पयला नंबर त्याचा हाय,” थोरला चुलतभाऊ म्हणाला. “त्याला ठरवू दे.”

हा पहिला नंबर कुठून आला, हे ऐकून ठेवा. सामन्यासाठी खोली उघडली की तिच्यात एकाखाली एक पाच जागा असतात आणि त्याच क्रमाने हिरो निवडायचे असतात. आमच्यात पहिल्या जागेवर कप्तान, दुसऱ्यावर मी, मग दोघं भाऊ, शेवटी मित्र. हा क्रम कोणी ठरवला नव्हता. पहिल्या दिवशी आम्ही तसे बसलो आणि मग तसेच बसत राहिलो. पालखीचा क्रम थेट ट्रकच्या हौद्यात उतरला होता, आणि ज्याच्या दारात ती पालखी येतच नाही तो आपोआप पाचवा झाला होता. ट्रक त्याच्या बापाचा असूनही.

त्यावर उपाय नव्हता असं नाही. सगळ्यांचं निवडून झालं की अर्धं मिनिट मिळतं, त्यात एकाच बाजूचे दोघं आपसात हिरो बदलू शकतात. एक बटण दाबायचं. जगभरचे संघ हेच करतात: पहिल्या जागेवरचा माणूस ताकदीचा हिरो अडवून ठेवतो आणि ज्याला तो येतो त्याच्या हाती देतो. मी कप्तानाला हे सांगितलं.

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देव विकायला काढलाय. “मान घेतल्यावर परत देतात काय रे? पालखी दारात आली, आरती झाली, नि मग म्हणायचं, जरा शेजाऱ्याकडं ने?”

भाऊ खो खो हसले. मी उठून उभा राहिलो आणि भाषण केलं. हौद्यात उभं राहून बोलायला मला आवडायचं, सभेसारखं वाटायचं. मानपान, भावकी, कर्तृत्व, कशाकशाची मी चिरफाड केली. कप्तान शेंगदाणे खात शांतपणे ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, “झालं? खेळायचं आता?”

घरी निघताना मित्र म्हणाला, “भाषण चांगलं होतं. भालेवाली कुठाय?”

त्याच सुमारास महाडमध्ये एका मंडळाने या गेमची तालुका पातळीवरची स्पर्धा जाहीर केली. ‘चषक’, पाहुणे, माइक, सगळं टेनिस बॉल क्रिकेटसारखं. आणि मित्राचा व्हिसा आला. मस्कतला मामाच्या दुकानात जायचं होतं, स्पर्धेनंतर बरोबर आठ दिवसांनी.

“एकदाच,” तो मला म्हणाला. आम्ही पोलादपूरच्या फाट्यावर, महाबळेश्वरच्या गाड्या वळतात तिथे चहा पीत होतो. “एकदा मला तिला घेऊन स्पर्धेच्या मोठ्या स्क्रीनवर खेळायचंय. अब्बा येणार हायत बघायला. त्यांना दाखवायचंय, मी दोन वर्षं फोनात तोंड घालून काय करत होतो. घरी सांगून ठेवलंय, भाला मारते ती आपली.”

मी त्याला शब्द दिला. त्याच संध्याकाळी स्पर्धेचा अर्ज भरायला घेतला आणि पाच नावं लिहिली. पहिलं कप्तानाचं, दुसरं माझं, मग भाऊ, शेवटी मित्र. अक्षर माझं, क्रम गावाचा. लिहिताना हात अडखळला असता तर मला आज बरं वाटलं असतं. तो अडखळला नाही. अर्जावरचा क्रम हाच बसण्याचा क्रम, असा नियम होता हे मला स्पर्धेच्या दिवशी कळलं.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. जिथे नवरा-नवरी बसतात तिथे दोन टेबलं, मागे मोठा पडदा. समालोचक क्रिकेटवाला, त्याला या गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण माइक हातात आल्यावर अडायचं कशाला? कप्तान भालेवाली घेऊन भाले भिंतींवर फेकत होता आणि हा ओरडत होता, “भाला सोडलाय... उंच... उंच... आणि सीमारेषेच्या बाहेर!” लोक टाळ्या वाजवत होते. कप्तानाचे वडील पहिल्या रांगेत टोपी नीट करून बसले होते. मित्राचे अब्बा सगळ्यात मागे, दाराशी, हात मागे बांधून उभे.

तरी आम्ही जिंकत गेलो, आधी नाणेफेक, मग सामना. मित्राच्या वाट्याला वैदीण आली होती, जखमी झालेल्यांना बरं करत फिरणारी हिरो. लढायचं काम तिचं नाही आणि पडद्यावर ती फारशी दिसतही नाही. कप्तान दर दोन मिनिटांनी मरायला टेकायचा आणि मित्र त्याला परत उभा करायचा. उपांत्य सामन्यात शेवटचा किल्ला पाडला तेव्हा आमच्यातला धड जिवंत असलेला एकटा तोच होता. समालोचकाने अभिनंदन कप्तानाचं केलं.

जेवणाच्या सुट्टीत मी मित्राला सोबत घेऊन कप्तानाला हॉलमागच्या नळांपाशी गाठलं. भाषण तयार होतं. त्याने मला बोलूच दिलं नाही.

“मला कळत नाय काय? ती मला येत नाय. चार सामने झाले, आंधळ्याला पण कळलं असेल.”

“मग दे त्याला.”

“बाबा पुढं बसलेत.” तो तोंडावर पाणी मारत राहिला. मग मित्राकडे वळून म्हणाला, “फायनलला मी घेतो, नि बटण दाबून तुला देतो. बाबांना कुठं कळतंय पडद्यावर काय चाललंय ते.”

मित्राने फोन शर्टाला पुसला. मग परत पुसला.

अंतिम सामन्याची नाणेफेक आम्ही जिंकलो, म्हणजे पहिली निवड आमची. समोरच्या संघाचे चेहरे पडले. भालेवाली आमच्याकडे जाणार हे त्यांना दिसत होतं. आणि तेवढ्यात समालोचक गरजला, “अंतिम सामन्याचा पहिला हिरो मान्यवरांच्या शुभहस्ते निवडण्यात येईल!”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण नारळ आला. शाल आली. पाहुणे आले, कुठल्याशा समितीचे सभापती, मागे आठ-दहा जण. मंडळाच्या एका कार्यकर्त्याने कप्तानाचा फोन उचलून तबकात ठेवला आणि त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं. मी हे रचून सांगत नाही. क्रिकेटच्या स्पर्धेत पाहुणा पहिला चेंडू खेळतो ना, सोपा टाकलेला? तो खेळून झाला की खरा सामना सुरू होतो. इथे पाहुण्याचा चेंडू हिशेबात धरला जाणार होता, हे माइकवाल्यांच्या डोक्यात आलंच नाही. जिथे तिथे उद्‌घाटन करायची सवय लागलेल्या माणसांना कात्री कुठे चालवू नये हे कळत नाही.

“हा आपला लेखक बोलेल,” कार्यकर्ता म्हणाला आणि माइक माझ्या हातात दिला. “साहेबांना दोन शब्दांत गेम समजावून सांग.”

मी सांगितलं. चांगलं सांगितलं, दोन-तीन ठिकाणी लोक हसले. पाहुण्यांनी चष्मा लावला, फोनवर वाकले आणि माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने विचारलं, “मग कुठला घेऊ?”

तो माणूस वाईट नव्हता. मी सांगितलं असतं ते त्याने दाबलं असतं. एक शब्द पुरला असता. माइक माझ्या तोंडाशी होता. डावीकडे कप्तान ओठ न हलवता काहीतरी पुटपुटत होता, उजवीकडे मित्र माझ्याकडे बघत होता. पहिल्या रांगेतून कप्तानाचे वडील हाताने खूण करत होते, साहेबांना करू दे, साहेबांना करू दे.

मी म्हणालो, “तुम्हाला आवडेल तो, साहेब.”

पाहुण्यांनी बोट फिरवलं. एक दाढीवाला दिसला, मुकुट घातलेला, घोड्यावर बसलेला. “हा घेऊ. राजासारखा दिसतोय.” त्याच्या घोड्यापेक्षा आमच्याकडचे रेडे जास्त पळतात. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. पाहुणे दुसऱ्या कार्यक्रमाला गेले.

टाळ्या थांबायच्या आत समोरच्यांनी भालेवाली उचलली.

समोरच्या पोराला ती साधारणच येत होती. तेवढं पुरलं. कप्तान घोडा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायच्या आत सामना संपत आला होता. मित्र वैदीण घेऊन जखमा बांधत राहिला, शेवटच्या क्षणापर्यंत, तक्रार न करता. त्याची तीच गोष्ट मला सगळ्यात असह्य झाली.

आम्ही खाली उतरलो तेव्हा त्याचे अब्बा दारापासून पुढे आले होते. पडद्यावर भाला पुन्हा पुन्हा लागताना त्यांनी पाहिला होता. आपला मुलगा भालेवाली, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“हरलात तर हरलात. भाला चांगला मारलास.”

मित्र म्हणाला, “हां अब्बा.”

जायच्या दोन दिवस आधी आम्ही सवच्या गरम कुंडावर गेलो. पाय पाण्यात सोडून बसलो होतो. तो एकदम म्हणाला, “साहेबांनी विचारलं तेव्हा तू बोलला नायस. का रे?”

“माहीत नाही.”

“घाबरलास?”

“नाही.”

“मग?”

मी खरंच शोधलं, आणि आत जे सापडलं ते सांगितलं. “साहेब होते.”

तो इतका हसला की पाणी दोघांच्या अंगावर उडालं. “साहेब होते!” तो परत परत म्हणत राहिला. “पत्रकवाल्याचा पोरगा! साहेब होते!” हसता हसता त्याने डोळे पुसले आणि पाय पाण्याबाहेर काढले. “चल. अब्बा वाट बघत असतील. कालपासून चौघांना सांगून झालंय त्यांचं, माझ्या पोराचा भाला बघायला पायजे होता.”

आता तो मस्कतला आहे. दुकानात बारा तास उभा असतो, त्यामुळे गेम क्वचितच उघडतो. भालेवालीची ताकद पुढच्या अपडेटमध्ये परत उतरवली, आणि तिच्यामागे धावणारे सगळे दुसरीकडे वळले. कप्तान मला अजून भेटतो. तो म्हणतो, मी तरी बटण दाबणार होतो. खरं आहे ते. त्याच्या मानाला मी हौद्यात उभा राहून शिव्या दिल्या, आणि वेळ आली तेव्हा तो मान सोडायला तयार झाला. माझ्याकडे सोडण्यासारखा मानही नव्हता, फक्त माइक होता.

वडिलांना मी हे सगळं सांगितलं. ते पत्रकं नीट लावत होते. म्हणाले, “यावर लिही.” मी म्हटलं, कोणाविरुद्ध? त्यांनी हातातलं पत्रक उलटं केलं आणि कोरी बाजू माझ्यापुढे सरकवली.

म्हणून तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. तुमच्याजवळ एखादी यादी असेल, खेळाची, मंडळाची, कामाच्या पाळ्यांची, पाच-सहा नावं एकाखाली एक लिहिलेली. ती आज बाहेर काढा. सगळ्यात खालचं नाव वाचा आणि त्या माणसाकडे जाऊन विचारा, तुला यातलं काय चांगलं येतं? तो सांगेल ते पाठ करून ठेवा. आणि उद्या कोणी मोठा माणूस चष्मा लावून तुम्हाला विचारेल, ‘मग कुठला घेऊ?’, तेव्हा ते मोठ्याने सांगा.